टँक ‘आहे तसा’ देता येत नाही

नमस्कार,

रीफ टँक (जिवंत कोरलं, म्हणजे प्रवाळ, आणि समुद्री मासे ठेवलेलं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) कायमचा बंद कसा करावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्देसूद आहे. म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वर्षानुवर्षं सांभाळलेला टँक मोडणं हा पळपुटेपणा, त्यापेक्षा चाळीस लिटरचा नॅनो, म्हणजे छोटा टँक, ठेवावा. मोडायचाच तर वाळूदगडांसकट आहे तसा एखाद्याला देऊन टाकावा. तेही जमत नसेल तर मासे समुद्रात सोडावेत, ‘निदान पाप तरी लागणार नाही’. झोआंच्या (कोरलांसारखे मऊ, झुपक्यांनी वाढणारे प्राणी) विषाबद्दलचा माझा परिच्छेद म्हणजे उगाच उभा केलेला बागुलबुवा. आणि शेवटी, उपकरणं तरी विकू नयेत, पुढेमागे पुन्हा मन झालं तर लागतील.

मन उडाल्यावरही टँक रेटत राहण्यात प्राण्यांचं काहीच भलं नाही. पाणी बदलणं दोन आठवड्यांवरून दोन महिन्यांवर जातं, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप भरून वाहतो, डोसिंगचे (कोरलांना लागणारे क्षार रोज मोजून टाकण्याचे) डबे कधी रिकामे झाले ते कळत नाही. अॅक्रोपोरांनी (फांद्यांसारख्या वाढणाऱ्या कठीण कोरलांनी) भरलेला टँक दिवसाला 2 डीकेएच अल्कलिनिटी (कोरलं सांगाडा बांधायला वापरतात त्या कार्बोनेटांचं माप; डीकेएच हे त्याचं एकक) सहज खातो. डोस थांबला की 8.5 वरून दोन दिवसांत 5 च्या आसपास घसरण होते आणि फांद्यांची कातडी बुडापासून सुटायला लागते. ठरवून, तीन आठवड्यांत, शुद्धीत राहून मोडलेल्या टँकमध्ये यापेक्षा कितीतरी कमी जीव जातात.

मोडतानाही याच आकड्यापाशी घोडं पेंड खातं, फक्त उलट्या बाजूने. कोरलं एकेक करून जात राहतात आणि डोसिंग पंप जुन्याच मापाने चालू राहतो. समजा रविवारी निम्म्याहून जास्त अॅक्रोपोरा गेले, खप 2 वरून 0.8 वर आला, पंप अजून 2 च टाकतोय. रोज 1.2 ची भर पडते आणि गुरुवारी मोजाल तर 13 च्या वर. उरलेल्या कोरलांची टोकं जळतात, हीटरवर आणि इम्पेलरवर (पंपाच्या फिरत्या पात्यावर) पांढरा थर चढतो, आणि खापर फुटतं ते ‘टँकला हात लावल्यावर’. म्हणून मोठी खेप बाहेर पडली की त्याच दिवशी डोस निम्मा करायचा, पुढचे चार दिवस ठरलेल्या एकाच वेळी अल्कलिनिटी मोजायची आणि त्यावरून पंप लावायचा. लाइट आणि प्रवाह शेवटचं कोरल जाईपर्यंत आहेत तसेच ठेवायचे. लेदर (एक मऊ कोरल) किंवा झोआ कापल्यावर पाण्यात जे काही सुटतं ते शोषायला ताजा कार्बन (सक्रिय कोळसा) लावावा.

नॅनोबद्दल. दगडापेक्षा वीट मऊ, हा हिशेब इथे चालत नाही. चाळीस लिटरच्या टँकमधून रोज एक लिटर पाणी उडालं आणि तीन दिवस भरायचं राहिलं, तर सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, 35 वरून जवळजवळ 38 पीपीटीवर (हजारात इतके भाग) जाते. चारशे लिटरमधून रोज सहा लिटर उडालं तरी त्याच तीन दिवसांत ती 36.6 वर असते. हीटरचा थर्मोस्टॅट चिकटला तर? उष्णता बाहेर जाते ती धरली नाही, तर 100 वॉटचा हीटर चाळीस लिटर पाणी तासाला साधारण 2 अंशांनी तापवतो. चारशे लिटरमध्ये 300 वॉटचा हीटर तासाला पाऊण अंशाच्याही आतच राहतो. ज्याच्याकडे वेळ उरलेला नाही, त्याच्या हाती आपण चुकीला सर्वांत कमी वाव देणारा टँक देतोय. शिवाय टँग (मोठा होणारा, सतत पोहणारा मासा) काही चाळीस लिटरमध्ये मावत नाही, म्हणजे त्याला घर शोधावंच लागणार. क्लाउनफिशची जोडी, चार मऊ कोरलं, पाणी आपोआप भरणारी यंत्रणा आणि रोज डोकावणारं माणूस, एवढं असेल तर खुशाल ठेवा.

आता ‘आहे तसा’. चारशे लिटर समुद्री पाण्याचं वजन 410 किलो, म्हणजे पाणी काढल्याशिवाय टँक जागचा हलत नाही. 120 बाय 60 सेंमी तळावर 8 सेंमी वाळू म्हणजे सुमारे 58 लिटर, आणि ओली असताना ती शंभर किलोच्या घरात जाते. तेवढं वजन आत ठेवून टँक उचलला की तळाची काच वाकते आणि जुन्या सिलिकॉनचे सांधे ताणले जातात. गळती कधीकधी नव्या जागी भरल्यावर आठवड्याने दिसते.

त्याहून वाईट म्हणजे वाळूच. ‘मी कितीदा वाळू हलवली, काही झालं नाही’ असं तुम्ही लिहिलंत. दोनतीन सेंमी थर असेल आणि तो दर महिन्याला सायफनने साफ होत असेल, तर खरंच काही होत नाही. पण अनेक वर्षं न हललेल्या जाड थरात तळाशी ऑक्सिजन नसतो. तिथले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. काचेलगत दिसणारा काळपट पट्टा आणि कुजलेल्या अंड्याचा वास ही त्याची खूण. हा थर ढवळला की सल्फाइड पाण्यात येतो, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, शिवाय थरात साठलेला अमोनियाही सुटतो. माशांच्या पेशींची श्वसनक्रियाच सल्फाइड रोखतो, त्यामुळे मासे मिनिटांत आडवे होऊ शकतात. वाळू हलवताना टँकमध्ये एकही जिवंत प्राणी नको, हा नियम म्हणूनच.

क्रम असा ठेवावा. माशांना आदल्या दिवशी उपाशी ठेवायचं, म्हणजे पिशवीत घाण कमी होते. सकाळी कशालाही हात लावण्याआधी वरचं स्वच्छ पाणी टबांत काढून घ्यायचं. एका टबात हीटर आणि पंप. अॅनिमोन (दगडाला पायाने चिकटणारा मऊ प्राणी) असेल तर पॉवरहेड (प्रवाहाचा पंप) आधीच बंद, आणि तो दगडासकटच उचलायचा. सुटा करायचाच असेल तर पायाच्या मागच्या बाजूला बर्फाचा खडा धरला की तो पकड ढिली करतो. नखाने खरवडून काढलेला अॅनिमोन बहुधा जगत नाही. मग दगड टबांत, पाण्याखालीच. त्यांवरचे स्पंज हवा लागली की मरतात आणि नव्या टँकमध्ये अमोनिया चढवतात. हातमोजे हवेतच, ब्रिसल वर्म या समुद्री किड्याचे केस बोटांत रुतले की दिवसभर आग होते. दगड निघाल्यावर पाणी 15 सेंमीवर आणलं तर मासे दहा मिनिटांत हाती येतात. दगड असताना जाळी घेऊन मागे लागणं म्हणजे दोन्ही बाजूंचा छळ. टँगच्या शेपटीजवळचा काटा जाळीत अडकतो, त्याला प्लॅस्टिकच्या डब्यातच धरावं. वाळू सगळ्यांत शेवटी, आणि घेणाऱ्याला ती देऊच नये. फारतर वरच्या एक सेंमी थरातली दोन वाट्या द्यावी. अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांत पुरेसे असतात.

पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. प्रवास लांबला तर पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, आणि तोवर अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया मासा भाजून काढतो. म्हणून लांबून आलेल्या माशाला थेंबाथेंबाने तासभर सवय करत बसू नये. घेणाऱ्याला सॅलिनिटीचा आकडा आधी कळवा, त्याने टबातलं पाणी तेवढंच करून ठेवावं, तापमान जुळलं की मासा थेट त्या पाण्यात. आणि टँकमध्ये कधी तांब्याचं औषध वापरलं असेल तर ते न लपवता सांगा. तांबं दगडांत मुरतं आणि नंतर गोगलगायी, कोळंबी, कोरलं मारतं.

समुद्रात सोडण्याच्या मुद्द्यावर मात्र तडजोड नाही. लायनफिश मूळचा हिंद-प्रशांत महासागरातला. 1980 च्या दशकात तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसू लागला, मत्स्यालयांतून सुटलेल्या माशांपासून ही पैदास सुरू झाली असं मानलं जातं, आणि आज कॅरिबियनभर तो तिथली लहान मासळी फस्त करतोय. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शेवाळ 1984 मध्ये मोनाकोच्या सागरी संग्रहालयालगत दिसलं आणि भूमध्य समुद्रात पसरलं. तेच 2000 मध्ये कॅलिफोर्नियाच्या खाजणात सापडलं, तेव्हा ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते मारावं लागलं. पूर्ण निपटायला 2006 उजाडलं. व्हेनेझुएलाच्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानात युनोमिया हे मऊ कोरल तिथल्या प्रवाळांवर गालिच्यासारखं पसरलंय. पापाचा हिशेब तुम्हीच करा. कोणीच घ्यायला तयार नसलेलं शेवाळ किंवा झेनिया (भराभर पसरणारं मऊ कोरल) गोठवून कचऱ्यात टाकायचं, गटारात नाही.

झोआंचा बागुलबुवा म्हणालात. पॅलिटॉक्सिन, म्हणजे झोआंतलं विष, 1971 मध्ये हवाईतल्या पॅलिथोआपासून (झोआंचाच एक प्रकार) वेगळं केलं गेलं, आणि ज्ञात विषांत ते अतिजहाल गणलं जातं. सगळ्या झोआंत ते असतं असं नाही, पण दिसण्यावरून ओळखता येत नाही. टँक बंद करताना लोक दगड ‘स्वच्छ’ करायला उकळतात किंवा कोरडे घासतात, तिथेच घात होतो. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, वाफेबरोबर उडून फुप्फुसात जातं. ताप, खोकला, दम लागणं, स्नायू दुखणं, डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा. यातून घरंच्या घरं दवाखान्यात दाखल झाली आहेत. असा दगड पाण्याखालीच हाताळायचा, चष्मा आणि मोजे घालून. टाकून द्यायचा असेल तर एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी, उघड्या हवेत किमान अर्धा तास बुडवून ठेवायचा. आणि त्या दिवशी पंप साफ करायला सायट्रिक अॅसिड किंवा व्हिनेगर काढलंच असेल तर बादल्या वेगळ्या ठेवा. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो.

उपकरणांचं तुमचं म्हणणं अर्धं पटतं. पंप आणि स्किमर लिटरला 50 ते 60 ग्रॅम सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात तासभर चालवा, मग साध्या पाण्यात, मग इम्पेलर बाहेर काढून वाळवा; सिरॅमिकचा दांडा सांभाळा, तो मोडतो. हीटर पाणी काढायच्या अर्धा तास आधी बंद करायचा, नाहीतर काच तडकते. पण जुना हीटर साठवून ठेवूच नका. टेस्ट किटांची मुदत संपते, सॅलिनिटीचा रीफ्रॅक्टोमीटर टिकतो; 35 पीपीटीच्या द्रावणाने तो पुन्हा जुळवता येतो. आरओची मेम्ब्रेन एकदा भिजली की वाळता कामा नये. ओलसर ठेवून हवाबंद पिशवीत फ्रिजमध्ये ती काही महिने निभावेल. त्यापुढे ठेवायची असेल तर ठेवू नका, युनिटसकट आत्ताच देऊन टाका.