फांदी माझ्याच घरावर पडली होती

नमस्कार.

माझ्या परवाच्या लेखावर तुम्ही 'कोकणी माणूस' या नावाने लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत. पावसाळ्याच्या तोंडावर दारचं जुनं झाड शेंडा मारून बोडकं करू नका, असं मी त्यात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता, "सुट्टीत गावाला येऊन झाडांना मिठ्या मारणाऱ्या बायकांना हे सुचतं. ज्याच्या घरावर फांदी पडते त्याला विचारा." पुढे मुळांबद्दलची माझी एक चूक दाखवलीत, नीट छाटणीचा खर्च कोण देणार असं विचारलंत, निसर्ग वादळात शेंडा न मारलेले माड आणि पोफळीसुद्धा आडव्या झाल्या याची आठवण दिलीत. यंदा एप्रिलमध्ये घरामागच्या फणसाचा शेंडा मारून घेतलात, हेही सांगितलंत.

आधी चूक. मुळं झाडाच्या फांद्यांच्या घेराएवढीच पसरतात असं मी लिहिलं, ते बरोबर नाही. ती घेराच्या बरीच बाहेर जातात आणि बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच असतात. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता 'बायकांना'. हा शब्द न घालता तुमचा मुद्दा मांडता आला नसता का? लेख एखाद्या पुरुषाच्या नावावर असता तर मिठ्या आठवल्या असत्या का? मी १९८९ साली लग्न होऊन श्रीवर्धन तालुक्यातल्या या घरात आले, ती सुट्टीसाठी नाही. वाडीचं शिपणं केलंय, रोठा सुपारी सोललीय, भातरोपांच्या राबात जाळायला कवळाचे, म्हणजे तोडलेल्या डहाळ्यांचे, भारे डोंगरातून डोक्यावर आणलेत. मुलांच्या शिक्षणासाठी सात वर्षं पुण्यात काढली, ती मी लपवलेली नाहीत. पण लेखातलं एक वाक्य आवडलं नाही म्हणून लिहिणारीची जातकुळी काढायची, ही पद्धत मला मान्य नाही. तुमच्या गावात ती चालत असेल.

आणि फांदी. ती माझ्याच घरावर पडली होती.

३ जून २०२०. दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा, मधले झोत त्याहूनही जोराचे. आम्ही तिघं माजघरात होतो, मी, आमचे हे आणि खाटेवर मामंजी. कौलं तर आधीच उडायला लागली होती. मग मोठा आवाज झाला आणि पडवीतून ओल्या लाकडाचा वास आत आला. आंब्याची फांदी पडवीवर होती. तीन वासे मोडले, कौलांचा चुरा झाला, चुलीवरचा हंडा चेपला. त्या पडवीत मामंजी रोज दुपारी बसत. त्या दिवशी त्यांना आम्ही जबरदस्तीने आत आणलं होतं.

रस्ते बंद, वीज नाही, माणूस मिळेना. तिसऱ्या दिवशी आम्हीच करवत घेऊन ती फांदी कापायला बसलो, तेव्हा तिचं मोडलेलं टोक मी नीट पाहिलं. मांडीएवढा जाड धुमारा, पण त्याचं बूड लाकडात रुतलेलंच नव्हतं. बशीएवढा एक पापुद्रा घेऊन तो सालीसकट सुटून आला होता. ज्या खुंटावरून तो सुटला, त्या खुंटाच्या पोटात काळा ओला भुसा होता, चहाच्या चोथ्यासारखा. हात घातला तर कोपरापर्यंत गेला. आत भिरुडाची, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्याची, पांढरी, बोटाएवढी अळी होती.

तो खुंट २०११ सालचा. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ येऊन गेल्यापासून वारा सुटला की मला झोप लागत नसे. शेंडा मारून घ्या, हा आग्रह माझा होता. मामंजी म्हणाले, "झाड आपला तोल आपण धरतं, त्याला असं कापू नका." मी ऐकलं नाही. दोन माणसं आली, अर्ध्या दिवसात आंबा बोडका करून गेली. मला तेव्हा फार सुरक्षित वाटलं.

म्हणून 'ज्याच्या घरावर फांदी पडते त्याला विचारा' असं मला कोणी सुनावलं की राग येतो. मीच विचारलं, मीच कापायला लावलं, आणि त्याच कापातून आलेली फांदी नऊ वर्षांनी घरावर आली.

हे का होतं ते पुन्हा सांगते, कारण तुम्ही लेखातला तो भाग वाचलेला दिसत नाही. जुन्या झाडाचा सगळा पाला एकदम काढला की त्याचं अन्नच तुटतं. मग सालीखाली निजलेले डोळे जागे होतात आणि खुंटाभोवती धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. पहिल्यापासून वाढलेली फांदी वर्षावर्षाला खोडाच्या लाकडात गुंफली जाते. धुमारा नुसता वरच्या थरावर चिकटलेला असतो, आणि वाढतो मात्र झपाट्याने. तीन-चार वर्षांत झाड पुन्हा जुन्या उंचीला जातं. तोवर मोठ्या उघड्या कापातून पाणी आणि बुरशी आत उतरते. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड तिच्याभोवती नवं लाकूड रचून तिला कोंडतं, आणि मांडीएवढा काप कोंडायला त्याला बळ पुरत नाही. सावलीत वाढलेल्या सालीवर अचानक ऊन आलं की ती भाजून फुटते, ते वेगळंच.

आमच्याच गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दुसऱ्या टोकाला साधारण त्याच वयाचा दुसरा रायवळ आंबा आहे. २०११ मध्ये पैसे संपले म्हणून तो राहिला. निसर्गमध्ये त्याची एक वाळकी फांदी आणि बराच पाला गेला. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हाही तो उभा होता. आज त्याचे आंबे आम्ही खातो. शेंडा मारलेलं पहिलं झाड मात्र आम्हाला पाडावं लागलं.

'छाटूच नका' असं मी कुठेही लिहिलेलं नाही. अहो, वाचून तरी लिहा. वाळकं लाकूड काढा. बेचक्यात साल दबलेली असेल तर त्यातली एक फांदी लहान असतानाच काढा. घरावर आलेली फांदी आखूड करायची तर मधेच खुंट ठेवून नाही, तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी तरी जाड असलेल्या उपफांदीशी कापा. एका वर्षात पाव हिश्श्याहून जास्त पाला काढू नका. जड फांदी काढताना आधी हातभर पुढे खालून खाच, मग थोडं पुढे वरून काप, आणि वजन गेलं की बुडाशी असलेल्या सालीच्या वळीला न दुखवता शेवटचा काप. खालून खाच न देता कापलं की फांदी आपल्या वजनाने खोडाची साल हातभर सोलत नेते. आणखी एक गोष्ट जमिनीची. बुंध्याला लागून काँक्रीट ओतायचं, कंपाउंडसाठी एका बाजूची मुळं तोडायची आणि पावसात माती भिजून झाड कललं की झाडालाच दोष द्यायचा, हे मी आमच्या आळीत तीन ठिकाणी पाहिलंय.

माड-पोफळीचं उदाहरण इथे लागू होत नाही. त्यांना फांद्याच नसतात, तेव्हा शेंडा मारायचा प्रश्नच येत नाही. खर्च आणि परवानगी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तो इथे काढायचं कारण नव्हतं.

तुमच्या फणसाचं सांगते. एप्रिलमध्ये मारलाय म्हणजे एव्हाना धुमारे फुटले असतील. यंदा एकालाही हात लावू नका, झाडाला पानं हवी आहेत. पुढच्या वर्षी दर खुंटावरचे बाहेरच्या अंगाला जाणारे दोन-तीन चांगले राखा, बाकीच्यांतले निम्मे काढा, उरलेले त्याच्या पुढच्या वर्षी. खुंटाला डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका, त्याखाली ओल कोंडते. बुंध्याशी भुसा पडतोय का, ते महिन्यातून एकदा बघत जा. फणसाखाली पडवी येते की गोठा, ते तुम्ही लिहिलेलं नाही. गोठा असेल तर तीन-चार वर्षांनी, धुमारे मनगटाएवढे झाले की, वारा सुटल्यावर गुरं तिथे बांधू नका.