उड्या मारणारे जीन गरज ओळखून उडत नाहीत

एक मेसेज सध्या खूप फिरतोय, तो थोडक्यात असा: "आपला निम्मा डीएनए व्हायरसचा आहे. शास्त्रज्ञ कालपर्यंत त्याला कचरा समजायचे, आता सिद्ध झालंय की त्यातलं अक्षर न अक्षर कामाचं आहे. गरज पडली की हे उड्या मारणारे जीन बरोबर जागेवर जाऊन बसतात आणि प्राणी बदलतो. आईच्या पोटातली वारसुद्धा एका व्हायरसनेच बनवली."

मला या विषयाचं प्रचंड वेड आहे आणि म्हणूनच हे वाचून त्रास होतो, कारण प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे आणि त्या थोड्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपून जातंय.

"निम्मा डीएनए व्हायरसचा." नाही. माणसाच्या जीनोमचा, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचा, साधारण 45 टक्के भाग ट्रान्सपोझॉनपासून, म्हणजे या उड्या मारणाऱ्या तुकड्यांपासून, आलाय हे बरोबर, पण त्यात रेट्रोव्हायरसच्या (स्वतःचे जीन यजमान पेशीच्या डीएनएत घुसवणाऱ्या व्हायरसांच्या) घराण्यातला वाटा फक्त 8 टक्क्यांच्या आसपास आहे. सगळ्यात मोठा हिस्सा एल-1 चा, सुमारे 17 टक्के, आणि तो व्हायरस नाही, स्वतःची आरएनए प्रत (आरएनए म्हणजे डीएनएवरून निघणारी नक्कल) काढून ती परत डीएनएत चिकटवणारा तुकडा आहे. अलू नावाचे तुकडे तर दहा लाखांच्या वर आहेत, जेमतेम 300 अक्षरांचे, आणि ते आपल्याच पेशीतल्या 7एसएल नावाच्या आरएनएच्या जीनपासून निघालेत. त्यांना स्वतःला उडताही येत नाही, एल-1 ची यंत्रणा वापरून ते पसरतात.

"कालपर्यंत कचरा समजायचे." बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940 च्या दशकातच मक्यात हे तुकडे जागा बदलताना आणि जीन चालू-बंद करताना पाहिले होते, 1983 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ब्रिटन आणि डेव्हिडसन या शास्त्रज्ञांनी 1969 मध्ये, म्हणजे "जंक" हा शब्द रूढ व्हायच्याही आधी, असं मांडलं होतं की वारंवार येणारे हे तुकडे जीनचं नियंत्रण करत असतील. आणि मुळात जंकचं भाषांतर कचरा केलं की घोळ सुरू होतो. जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर हा फरक सांगायचे, कचरा आपण फेकून देतो आणि जंक ठेवून देतो. आपल्याकडे त्याला अचूक शब्द आहे, अडगळ. माळ्यावर पडलेली असते, आत्ता उपयोग नाही, फार अडतही नाही, आणि कधीतरी त्यातलंच एखादं फळकूट कामाला येतं.

"अक्षर न अक्षर कामाचं." हे माणसाच्या जीनोममधला कुठला भाग काय करतो हे शोधणाऱ्या एन्कोड प्रकल्पाच्या 2012 च्या निष्कर्षांतून आलंय, तेव्हा 80 टक्के जीनोममध्ये "कार्य" सापडल्याच्या बातम्या झाल्या. पण तिथे कार्य म्हणजे काहीतरी रासायनिक हालचाल दिसणं, एखादं प्रोटीन चिकटलं किंवा आरएनए निघाला तरी ते मोजलं गेलं. नैसर्गिक निवडीने जपलेला भाग, म्हणजे जिथे अक्षर बदललं तर नुकसान होतं असा भाग, सस्तन प्राण्यांची तुलना करून काढला की साधारण दहा टक्क्यांच्या आसपास येतो. 2004 मध्ये उंदरांच्या जीनोममधून लाखो अक्षरांचे दोन सलग पट्टे काढून टाकले होते, उंदीर ठणठणीत राहिले. आणि कांद्याचा जीनोम आपल्या पाचपट मोठा आहे, प्रत्येक अक्षर कामाचं असेल तर कांद्याला एवढं कसलं काम?

"गरज पडली की बरोबर जागेवर." यावर जरा थांबतो, कारण उत्क्रांतीबद्दलचा सगळा गैरसमज इथेच आहे. एल-1 चं एन्झाइम डीएनए कापतं ते टी आणि ए या डीएनएच्या चारपैकी दोन अक्षरांची एक साधी छोटी जुळणी बघून, आणि ती जुळणी जीनोममध्ये सगळीकडे पसरलेली आहे, तिला त्या प्राण्याला थंडी वाजतेय की भूक लागलीय हे कळायचा काही मार्गच नाही. बरेचदा प्रत अर्धवटच बनते, म्हणून आपल्यातल्या सुमारे पाच लाख एल-1 पैकी अजून उडू शकणारे शंभरेक आहेत. 1988 मध्ये हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) 240 रुग्णांपैकी दोघांच्या फॅक्टर 8 या रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनच्या जीनमध्ये एल-1 नव्याने घुसलेला सापडला, रक्त गोठणं बिघडलं, आणि ही उडी कोणाच्याच गरजेची नव्हती. ताण आला की पेशीने या तुकड्यांवर घातलेलं कुलूप ढिलं पडू शकतं हे खरं आहे, पण कुलूप ढिलं पडणं वेगळं आणि योग्य पत्ता माहीत असणं वेगळं. उड्या आंधळ्या असतात, बहुतेक निरुपद्रवी किंवा घातक ठरतात, घातक गाळल्या जातात आणि क्वचित एखादी टिकून पिढ्यानपिढ्या पसरते. 2024 मध्ये चिंपांझी-गोरिलांसारख्या बिनशेपटीच्या वानरांचं आणि आपलं शेपूट जाण्यामागे टीबीएक्सटी जीनमधला एक अलू असल्याचा भक्कम पुरावा आला, तसाच बदल उंदरांत केल्यावर शेपूट आखूड झालं किंवा गेलं, पण काही पिल्लांत मज्जारज्जूचे दोषही दिसले. गरज ओळखून केलेलं काम असं नसतं.

"वार व्हायरसने बनवली." इथे मूळ गोष्ट मेसेजपेक्षा कितीतरी भारी आहे. सिन्सिटिन हे वारेतल्या पेशी एकमेकींत विरघळवून सलग थर करणारं प्रोटीन, 2000 साली कळलं की ते जुन्या रेट्रोव्हायरसच्या आवरणाच्या जीनपासून आलंय, व्हायरस पेशीत शिरायला जे वापरायचा तेच. पण आपल्या सिन्सिटिन-1 चा व्हायरस आपल्या पूर्वजांत शिरला साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी, आणि वार असलेले सस्तन प्राणी त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. उंदराचे सिन्सिटिन वेगळ्या व्हायरसचे, सशाचं वेगळं, मांजर-कुत्र्यांच्या गटाचं वेगळं. घोड्याच्या वारेत तर असा थरच नसतो. म्हणजे वार आधीच होती आणि वेगवेगळ्या घराण्यांनी हाताशी आलेले वेगवेगळे तुकडे तिच्यात वापरले. मेसेजच्या बाजूने बोलायचं तर पेग-10 हा जीन घ्या, तोही रेट्रोट्रान्सपोझॉनमधून (आरएनए प्रत काढून पसरणाऱ्या तुकड्यातून) आलेला, कांगारूंच्या गटातही आहे म्हणजे बराच जुना, आणि तो काढला की उंदराचं भ्रूण वार नीट न बनल्याने मरतं. तरीसुद्धा एका सुट्या भागावरून अख्खं यंत्र त्यानेच बनवलं असं म्हणता येत नाही.

खरा मोठा उपयोग मेसेजमध्ये नाहीच, तो प्रोटीनचा नाही, स्विचचा आहे. एमईआर-41 या जुन्या व्हायरसच्या तुकड्यात इंटरफेरॉनच्या (व्हायरस आल्यावर पेशी सोडते त्या धोक्याच्या रसायनाच्या) इशाऱ्यावर चालू होणाऱ्या जागा तयारच आहेत, बहुधा व्हायरस पेशीचीच धोक्याची घंटा ऐकून स्वतः जागा व्हायचा. 2016 मध्ये माणसाच्या पेशींत एआयएम-2 या प्रतिकारशक्तीच्या जीनजवळचा असा एक तुकडा कापला तर इंटरफेरॉन देऊनही तो जीन नीट चालू होईना. ज्या घंटेवर चोर उठायचा तीच घंटा आता पहारेकऱ्याला उठवते!

आणि हे सगळं आत्ताही चालू आहे. कोआलांमध्ये एक रेट्रोव्हायरस सध्या जनुकीय वारशात शिरतोय, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या कोआलांत तो आईबापांकडूनच मिळतो, दक्षिणेकडे अजून तितका पोचलेला नाही. त्याने कोआलांना काही नवीन दिलेलं दिसत नाही, ल्युकेमिया आणि लिम्फोमा मात्र होतात.