ओ-२ लावल्यावर प्रोग्राम चुकतो, म्हणून कंपायलर चुकला असं होत नाही

सी आणि सी++ लिहिणाऱ्यांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो ते बदल, बंद असताना (ओ-०) नीट चालणारा प्रोग्राम ते चालू करणारी ओ-२ ही पातळी लावल्यावर चुकत असेल, तर दोष कंपायलरचा, म्हणजे कोडचं यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या साधनाचा. आपण लिहिलेल्या तपासण्या तो परस्पर उडवतो. प्रोसेसर जे सरळ करतो तेही करू देत नाही, आणि हा सगळा उपद्व्याप बेंचमार्कमध्ये (वेगाच्या चाचणीत) दोन टक्के मिळवण्यासाठी. म्हणून खऱ्या कामात ओ-० वापरा, आणि तरीही अडलं तर व्हेरिएबलला व्होलाटाइल (त्याचं प्रत्येक वाचन-लेखन खरोखर करायला लावणारा शब्द) लावा.

हा मजकूर ज्या त्रासातून आला आहे तो खरा आहे. डीबगरमध्ये चालणारा प्रोग्राम ग्राहकाकडे गेल्यावर कोसळतो तेव्हा डोकं भणाणून जातं. पण इथे केलेलं निदान चुकीचं आहे आणि सुचवलेला उपाय नुकसान करणारा आहे. नव्याने सी शिकणारे तो मनावर घेतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“माझी तपासणी कंपायलरने उडवली”

उडवली, हे खरं. का उडवली ते २००९ च्या एका घटनेत स्वच्छ दिसतं. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, टन नावाच्या आभासी नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एक फंक्शन होतं. त्यात आधी पॉइंटर (मेमरीतला पत्ता) वापरून एक फील्ड वाचलं जायचं आणि त्यानंतर तोच पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, आहे का हे तपासलं जायचं. जीसीसी या कंपायलरने सरळ हिशोब केला : नल पॉइंटरमधून वाचणं सी भाषेत ‘अनडिफाइन्ड’ आहे, म्हणजे असं झालं तर पुढे काय व्हावं यावर मानकाचं कोणतंच बंधन नाही. वाचन तर होऊन गेलं आहे, म्हणजे इथे पॉइंटर नल असू शकत नाही, म्हणजे खालची तपासणी निरुपयोगी. ती काढून टाकली गेली.

साध्या प्रोग्राममध्ये शून्य पत्ता वाचताक्षणी प्रोग्राम मरतो, त्यामुळे तपासणी असली काय आणि नसली काय, फरक पडत नाही. कर्नलमध्ये मात्र हल्लेखोराला शून्य पत्त्यावर स्वतःचं पान (मेमरीचा तुकडा) बसवता आलं, तर ते वाचन यशस्वी होतं आणि पुढे अडवणारं कुणी उरत नाही. नेमका तसाच हल्ला करून दाखवला गेला. ओ-० मध्ये ही वाट उघडली नसती, हे मान्य. पण ते पान नसताना नल आला असता, तर कोणत्याही पातळीवर कर्नल त्याच ओळीवर अडखळला असता. मूळ दोष ओळींच्या क्रमाचा होता आणि दुरुस्तीही तीच झाली : वाचन तपासणीच्या खाली गेलं. शिवाय अशा तपासण्या काढू नयेत असा पर्याय देऊन कर्नल बांधायला सुरुवात झाली.

मजकुरात कंपायलरची जी प्रतिमा उभी केली आहे, ती अशी की तो चूक हेरतो आणि मुद्दाम तिचा फायदा घेतो. असा कोणी आत बसलेला नाही. आत लहान लहान पायऱ्या एकामागून एक चालतात, आणि कोणत्याही पायरीला तुमचा हेतू माहीत नसतो. तपासण्या काढायच्याच कशाला, याचं उत्तर इनलाइनिंगमध्ये, म्हणजे फंक्शनचा कोड बोलावणाऱ्याच्या जागीच पसरवण्यात, आहे. सावधपणे लिहिलेलं छोटं फंक्शन स्वतः नल तपासतं, त्याला बोलावणारंही तपासतं, वर एखाद्या मॅक्रोतूनही (नाव लिहिलं की आपोआप पसरणारा कोडचा तुकडा) तीच तपासणी येते. सगळं एकत्र मिसळलं की एकच तपासणी तीन वेळा होते. ज्या नियमाने त्यातल्या दोन जातात, त्याच नियमाने टन ड्रायव्हरमधली गेली. हाताने लिहिलेली तपासणी आणि मॅक्रोतून आलेली तपासणी यांत कंपायलरला फरक दिसत नाही.

“प्रोसेसरवर बेरीज गुंडाळते, मग सीमध्ये का नाही?”

या मुद्द्यात सर्वाधिक तथ्य आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. सर्वांत मोठ्या इंटमध्ये (ठरावीक बिटांचा पूर्णांक) एक मिळवला, की आजच्या प्रोसेसरवर सर्वांत लहान ऋण संख्या मिळते; यालाच गुंडाळणं म्हणतात. सीचं पहिलं मानक १९८९ मध्ये आलं तेव्हा ऋण संख्या वेगवेगळ्या रीतीने साठवणारी यंत्रं विचारात घ्यावी लागत होती, म्हणून चिन्ह असलेल्या पूर्णांकांचा ओव्हरफ्लो (मर्यादेबाहेर जाणं) अनडिफाइन्ड ठेवला गेला. पण पुढे सी++२० आणि सी२३ या दोन्ही मानकांनी टूज कॉम्प्लिमेंट ही एकच रीत सक्तीची केली, आणि तरीही ओव्हरफ्लो अनडिफाइन्डच ठेवला. हे नजरचुकीने राहून गेलेलं नाही.

कारण लूपमध्ये सापडतं. समजा काउंटर ३२ बिटांचा इंट आहे आणि पत्ते ६४ बिटांचे. काउंटर गुंडाळू शकतो असं धरलं, तर कंपायलरला प्रत्येक फेरीत त्याचा ६४ बिटांत विस्तार नव्याने करावा लागू शकतो, आणि अ‍ॅरेवरून सरळ सरकणारा पॉइंटर वापरणं अवघड होतं. ‘काउंटर एन पेक्षा लहान किंवा समान’ अशी अट असेल आणि एन सर्वांत मोठा इंट असेल, तर लूप कधीच संपणार नाही. म्हणजे फेऱ्या किती हेच ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय व्हेक्टर सूचना (एकाच वेळी अनेक घटकांवर काम करणाऱ्या) वापरता येत नाहीत. ‘ओव्हरफ्लो होणारच नाही’ या एका गृहीतकावर हे सगळं सुटतं.

त्याच गृहीतकामुळे ‘अ + १०० हे अ पेक्षा लहान आहे का’ ही तपासणी नेहमी असत्य ठरते आणि नाहीशी होते. २००७ मध्ये जीसीसीकडे याबद्दल तावातावाने तक्रार झाली, २००८ मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या सुरक्षा संस्थेने पॉइंटरवरच्या अशाच तपासण्यांबद्दल इशारा दिला. तपासणी बेरजेच्या आधी करायची असते : अ हा ‘इंटची कमाल मर्यादा वजा १००’ पेक्षा मोठा आहे का? सी२३ मध्ये तर यासाठी तपासून बेरीज करणारी सोयच आली आहे. चिन्ह नसलेले पूर्णांक नियमानेच गुंडाळतात, त्यांना ही अडचण नाही. सगळीकडे गुंडाळणीच हवी असेल, तर जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत एफ-रॅप-व्ही हा पर्याय आहे.

भाषेने हा करार करायला नको होता, असं कुणी म्हटलं तर मी अर्ध्याहून अधिक सहमत होईन. जावामध्ये अशी बेरीज नियमाने गुंडाळते. रस्टमध्ये डीबग बिल्ड प्रोग्राम थांबवतो आणि रिलीज बिल्ड गुंडाळतो, पण दोन्ही वागणुकी लिहून ठेवलेल्या आहेत. हे भांडण मानक समितीशी करायचं आहे. मजकूर ते कंपायलरच्या दारात नेऊन ठेवतो.

“ओ-० सुरक्षित आहे”

नाही. ओ-० दोष झाकतो. स्पेक सीपीयू २००६ या प्रसिद्ध बेंचमार्क संचात एच२६४-रेफ नावाचा व्हिडिओचा प्रोग्राम आहे. त्यात सोळा घटकांच्या अ‍ॅरेवर फिरणारा एक लूप शेवटी अट तपासण्याच्या आधीच सतरावा घटक वाचतो. तो कधी वापरला जात नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाचं काही बिघडलं नाही. २०१३ मध्ये जीसीसी ४.८ आला. सतरावा घटक वाचणं अनडिफाइन्ड, म्हणजे काउंटर सोळावर पोचतच नाही, म्हणजे ‘सोळापेक्षा लहान’ ही अट कायम सत्य, या तर्काने तो लूप अनंत होऊ शकत होता. जीसीसीने बदलांच्या टिपणात या प्रोग्रामचं नाव घेऊनच इशारा दिला.

हे चुकीचं वाचन पहिल्या दिवसापासून तिथे होतं. ओ-० वर राहणं म्हणजे असा दोष जवळ बाळगणं, आणि तो दुसऱ्या कंपायलरवर किंवा स्टॅकची मांडणी बदलल्यावर बाहेर पडणार नाही याची कोणतीही हमी नसणं. जीसीसी आणि क्लँगमध्ये यूबीसॅन आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर ही प्रोग्राम चालताना दोष पकडणारी साधनं आहेत. ते चाचण्यांमध्ये चालू ठेवले, तर ओव्हरफ्लो किंवा अ‍ॅरेबाहेरचं वाचन घडलं की बहुधा ओळ क्रमांकासह सांगतात. आणि चाचणी त्याच पातळीवरही करावी, ज्या पातळीवर प्रोग्राम लोकांकडे जाणार आहे.

“व्होलाटाइल लावा”

उपकरणाच्या रजिस्टरसाठी, सिग्नल हँडलरमधल्या खुणेसाठी जरूर लावा. थ्रेडमधल्या, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांमधल्या, देवाणघेवाणीसाठी नको. त्याने वाचन-लेखन अविभाज्य होत नाही, शेजारच्या व्हेरिएबलचा क्रमही राखला जात नाही. त्यासाठी २०११ पासून सी आणि सी++ दोन्हींत अ‍ॅटॉमिक आहेत. व्होलाटाइलने फार तर वेळेचं गणित हलतं आणि दोष काही दिवस दडी मारतो.

“दोन टक्क्यांसाठी”

१९५७ मध्ये आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रानचा कंपायलर दिला, तोच ऑप्टिमायझेशनसह. हाताने लिहिलेल्या असेंब्लीपेक्षा तो फार मंद निघाला तर कुणी वापरणार नाही, ही भीती त्यामागे होती. आजच्या सी++ मध्ये व्हेक्टर नावाच्या यादीतला एक घटक वाचणं हेसुद्धा फंक्शन बोलावणं असतं, आणि ओ-० मध्ये ते प्रत्येक वेळी खरोखर बोलावलं जातं. दहाने भागायचं असेल तर कंपायलर गुणाकार आणि शिफ्ट वापरतो. एक ते एन बेरजेचा लूप दिला तर क्लँग तो काढून सूत्र बसवतो. आपण वाचायला सोपा कोड लिहू शकतो, तो या कामाच्या जोरावर.

मजकुराने सर्वांत भक्कम तक्रार मात्र केलेलीच नाही. पासवर्ड वापरून झाल्यावर मेमसेट या फंक्शनने तो बफर (मेमरीतली जागा) पुसला, आणि त्यानंतर बफर कुणी वाचत नाही, तर कंपायलर ते पुसणंच काढून टाकू शकतो. इथे लिहिणाऱ्याने कोणताही नियम मोडलेला नाही. कंपायलरनेही नाही. तरी गुपित मेमरीत राहतं. ‘हे पुसच’ असं सांगण्याची सोय प्रमाण सीमध्ये नीट नव्हती. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने एक्सप्लिसिट-बीझीरो आणलं, विंडोजमध्ये सिक्युअर-झीरो-मेमरी आहे, आणि मानकात सर्वांसाठी मेमसेट-एक्सप्लिसिट यायला सी२३ उजाडावं लागलं.

आणि कंपायलर कधीच चुकत नाही, असं कुणी म्हणत असेल तर तेही खोटं आहे. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सीस्मिथ हे साधन वापरून यादृच्छिक प्रोग्राम तयार केले आणि जीसीसी, एलएलव्हीएमसह अनेक कंपायलरांमध्ये ३२५ हून अधिक नवे दोष शोधले. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणून ओ-२ वर काही बिघडलं, तर आधी सॅनिटायझर चालवा. तो गप्प राहिला तर कोड कापत कापत पाच-दहा ओळींवर आणा, दुसऱ्या कंपायलरवर चालवून पाहा, प्रत्येक ओळ मानकाशी ताडून बघा. तरीही उत्तर चुकत असेल, तर तेवढ्याच ओळी त्या कंपायलरच्या बग-यादीत नोंदवा.