रोहू-कटला इंजेक्शनने फुगवतात? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका मजकुराला उत्तर

१ जूनपासून समुद्रातली मासेमारी बंद होते, पापलेट-सुरमई खिशाला परवडेनाशी होते आणि मुंबईच्या बाजारांत आंध्रहून बर्फात आलेला रोहू-कटला जास्त दिसू लागतो. नेमका तेव्हाच सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचा आशय असा: ‘तळ्यातल्या माशांना हार्मोनची इंजेक्शनं देऊन महिनाभरात दोन किलोचे करतात. त्यांचे जीन बदललेले असतात, म्हणून त्यांना रोगही होत नाही. मुलांना अजिबात देऊ नका, समुद्राचाच मासा खा.’ आपल्या बऱ्याच घरांत गोड्या पाण्याच्या माशाबद्दल मुळातच नाखुशी असते, त्यामुळे हे सगळं चटकन पटतं. म्हणूनच एकेक मुद्दा तपासायला हवा.

आधी इंजेक्शन. ते देतात, हे खरं आहे. पण कुणाला आणि कशासाठी, हे मजकुरात कुठेच नाही. रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला की वाहत्या पाण्यात ते अंडी सोडतात. तळ्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण साचलेल्या पाण्यात ती बाहेर पडत नाहीत. पूर्वी त्यामुळे नदीतून जिरे, म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्लं, गोळा करावं लागे आणि त्यात नको त्या जातीही यायच्या. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन यशस्वी करून दाखवलं. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन. आज ग्रंथीऐवजी तयार कृत्रिम संप्रेरक, म्हणजे हार्मोन, वापरतात.

बीजकेंद्रात, म्हणजे जिथे माशांची पिल्लं तयार करतात तिथे, हे काम कसं चालतं ते पाहा. कित्येक किलोंची मादी ओल्या जाळ्यात धरतात, वजन करतात आणि किलोमागे अर्ध्या मिलीलिटरच्या आसपास डोस शेपटीजवळ किंवा छातीच्या पराच्या बुडाशी टोचतात. नराला त्याहून कमी. मग दोघांना फिरत्या पाण्याच्या गोल टाकीत सोडतात आणि काही तासांत अंडी पडतात. रोहूच्या मादीकडून तिच्या वजनाच्या किलोमागे दोन-तीन लाख अंडी मिळतात. आपल्या ताटात येतो तो त्या लाखांपैकी एक, ज्याला स्वतःला सुई कधी लागलेली नसते. तळ्यातल्या हजारो माशांना एकेक धरून टोचत बसणं कुठल्या शेतकऱ्याला परवडेल? आणि टोचलं तरी उपयोग शून्य, कारण ते औषध अंडी सोडायला लावतं, मांस वाढवत नाही.

महिनाभरात दोन किलो? चांगल्या तळ्यात रोहूला किलोभर व्हायला साधारण वर्ष लागतं. आंध्रचा मासा झपाट्याने वाढतो त्यामागे एक साधी युक्ती आहे. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, वर्षभर दाटीवाटीने, बेताच्या खाद्यावर ठेवतात, म्हणजे ती खुंटते. मग तिला मोठ्या तळ्यात सोडून पोटभर भाताचा कोंडा आणि पेंड दिली की राहिलेली वाढ ती भराभर भरून काढते. तळ्यात घातलेला मासा आधीच वर्षाचा असतो, हे बघणाऱ्याला कळत नाही.

जीन बदलल्याचा आरोप बहुधा ‘जयंती रोहू’ या निवडीने सुधारलेल्या रोहूवरून आला असावा. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या संशोधकांसोबत १९९२ मध्ये हे काम सुरू केलं. गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांमधले आणि मत्स्यशेतीतले रोहू एकत्र आणले, प्रत्येक कुटुंबाची पिल्लं खुणेची चिप बसवून ओळखीत ठेवली आणि जी कुटुंबं चांगली वाढली त्यांच्यातूनच पुढची पिढी घेतली. पिढीमागे वाढीत सरासरी १७ टक्क्यांची भर पडली. बैलाची खोंडं निवडताना शेतकरी जे करतो तेच इथे मोजमाप ठेवून केलं. यात दुसऱ्या प्राण्याचं जनुक कुठेही घातलेलं नाही. अमेरिकेत २०१५ साली जनुक बदललेल्या सॅमनला मंजुरी मिळाली, पण भारतात असा कुठलाही मासा खाण्यासाठी मंजूर नाही.

‘रोगच होत नाही’ हे तर साफ चूक. एरोमोनास या जिवाणूला जास्त तोंड देणारी रोहूची कुटुंबं निवडण्याचं कामही भुवनेश्वरला झालं आहे. त्याने मरतूक कमी होते, मासा अमर होत नाही. वाढीसाठी निवड केली की प्रतिकारशक्ती आपोआप येते असंही नाही, तिची निवड वेगळी करावी लागते. रोहूला सगळ्यात जास्त छळते ती आर्गुलस, म्हणजे माशाची ऊ. चपटी, पारदर्शक, दोन चूषकांनी खवल्यांना चिकटलेली. मासा अंग घासत फिरतो, कातडीवर लाल ठिपके उठतात, खाणं सुटतं. ती अंडी कठीण पृष्ठभागावर घालते, म्हणून जाणते शेतकरी तळ्यात बांबू किंवा फळ्या रोवतात आणि दर काही दिवसांनी बाहेर काढून उन्हात वाळवतात.

सगळे एवढी मेहनत घेत नाहीत. काही जण तळ्यात कीटकनाशक ओततात, काही प्रतिजैविकं खाद्यातून देतात. काळजी करायचीच तर ती इथे करा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांवर मत्स्यशेतीत बंदी आहे, पण बंदी कागदावर असून भागत नाही. मुंबईत येणाऱ्या गोड्या पाण्याच्या माशाचे नमुने नियमित तपासले जावेत आणि त्यांचे निकाल बाजारात लावले जावेत, ही मागणी सोसायटीच्या ग्रुपवर फिरली तर माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे.

आणि या मजकुरावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप असा, की त्याने भीतीची दिशाच उलटी केली. आपल्या माशात फार सुधारणा झाली ही अडचण नाही, फार कमी झाली ही आहे. पुष्कळ बीजकेंद्रं वर्षानुवर्षं त्याच मोजक्या प्रजनक माशांवर चालतात. भावंडांची भावंडांशी जोडी लागते, पिढीगणिक वाढ खुंटते, वाकडी पिल्लं निघतात. रोहू आणि कटला एकाच टाकीत सोडल्याने संकर होतो तो वेगळाच. असं कमजोर बीज घेतलेला शेतकरी मरतूक रोखायला औषधाच्या बाटलीकडे वळतो. त्याला खात्रीचं, निवडलेलं बीज मिळालं तर त्या बाटलीची गरजच कमी होईल.