नेत्रावळकर "पळाला" म्हणणाऱ्या दादांना

दादा, अमेरिकेकडून खेळणाऱ्या आपल्या मुंबईच्या बॉलरवर मी पोस्ट लिहिली, त्याखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. इथे चान्स मिळेना म्हणून सौरभ नेत्रावळकर पळाला, आपल्याच कोहलीला आऊट केलं, त्याला कसलं डोक्यावर घेताय, असं तुमचं म्हणणं. वर त्याच मॅचमध्ये त्याने सूर्यकुमारचा कॅच सोडला ते मी लिहिलंच नाही हा टोमणा. कॅचचं मान्य, राहिलंच ते. सूर्या 22 वर होता तेव्हा, मग नाबाद 50 करून मॅच काढून दिली त्याने.

पण "पळाला" नाही पटत. 2010 चा अंडर-19 वर्ल्डकप भारताकडून के. एल. राहुल, उनाडकटसोबत खेळला, 2013 ला मुंबईकडून रणजी, पुढे काही होईना म्हणून 2015 ला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात कॉम्प्युटर शिकायला गेला. क्रिकेट खेळायला नाही हो, क्रिकेट सोडून गेला! मग ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, आणि शुक्रवारी ऑफिस सुटलं की सॅन फ्रान्सिस्कोहून गाडी काढून पाच-सहा तास लॉस एंजेलिस, का तर तिथे टर्फ विकेट, म्हणजे खरी मातीची खेळपट्टी मिळते, शनिवारी मॅच खेळून परत, रविवारी सॅन फ्रान्सिस्कोला मॅच, सोमवारी कामावर. आमचे चाकरमानी नाही का, रात्रभर गाडी मारत कशेडी घाट ओलांडून गावी येतात नि तोंड धुवून थेट मैदानात.

मैदानावरून आठवलं. आमच्या वेंगुर्ल्याकडे टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला "एक गाव एक संघ" असा नियम, तरी एका फायनलला समोरून बॉलिंग टाकत होता आमच्याच वाडीतला पोरगा, लग्नानंतर सासुरवाडीला दुकान टाकून तिकडेच राहिलेला. चुलत भावाची दांडी उडवली त्याने. हात वर केला नाही, ओरडला नाही, खाली बघत रनअपकडे चालू लागला. त्याची आई आमच्यातच बसलेली, टाळीसाठी उचललेले हात तसेच धरून म्हणाली, "मेल्यान भावाकच आऊट केल्यान!" आणि मग हसली. त्याला पळपुटा कोणी म्हटलं नाही, रात्री मटण सगळ्यांनी एकत्रच खाल्लं.

आणि एक सांगा, टी-20 वर्ल्डकपात 6 जून 2024 ला डॅलसमध्ये मॅच टाय झाली आणि निकालाच्या जादा ओव्हरमध्ये, म्हणजे सुपर ओव्हरमध्ये, पाकिस्तानला 19 हवे असताना त्याने 13 च दिले तेव्हा आपल्या ग्रुपवर "मुंबईचा पोरगा" म्हणून फटाक्यांचे स्टिकर कोणी टाकले होते? सहा दिवसांनी न्यूयॉर्कला आपल्याविरुद्ध त्याच्या बॉलिंगवर कोहली पहिल्याच बॉलवर, रोहित 3 वर गेला, की लगेच परका?

कॅचची ओळ आज रात्री पोस्टमध्ये घालतो, लाईट राहिली तर.