‘ब्लिट्झक्रीग’: फिरत असलेल्या एका मजकुराला उत्तर

‘ब्लिट्झक्रीग हे हिटलरने आखलेलं अधिकृत युद्धतंत्र, ते पूर्ण यांत्रिक सैन्यावर उभं होतं, आणि इंग्रजी-पोर्तुगीजमध्ये ब्लिट्झ म्हणजे तोच विजेसारखा हल्ला,’ असा मजकूर बरेच जण पुढे पाठवत आहेत. नाझी प्रचाराने रंगवलेलं अजिंक्य सैन्याचं चित्र त्यातून आजही पसरतं, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

पहिला दावा अधिकृत नावाचा. हा शब्द 1930 च्या दशकातल्या काही जर्मन लष्करी नियतकालिकांत आढळतो, पण सैन्याच्या अधिकृत युद्धतंत्राचं ते नाव कधीच नव्हतं. इंग्रजी वाचकांत तो रुजवण्यात ‘टाइम’ साप्ताहिकाचा मोठा वाटा; पोलंडवरच्या हल्ल्याचं वर्णन करताना 25 सप्टेंबर 1939 च्या अंकात त्यांनी तो वापरला. खुद्द हिटलर नोव्हेंबर 1941 मध्ये म्युनिकच्या भाषणात म्हणाला, की हा मूर्खपणाचा शब्द आपण कधी वापरलेलाच नाही. तोवर रशियावरची मोहीम रखडली होती, हेही लक्षात घ्या.

आखीव तंत्राचं म्हणाल, तर मे 1940 मध्ये फ्रान्समधल्या सेदांजवळ म्यूझ नदी ओलांडल्यावर रणगाडा-दलाचा जर्मन सेनापती गुडेरियन याला वरिष्ठांनी थांबायला सांगितलं होतं. तो पुढेच जात राहिला.

यांत्रिक सैन्याची गोष्ट तर आकड्यांपुढे टिकत नाही. 1940 च्या पश्चिम मोहिमेत जर्मनीकडे रणगाड्यांच्या फक्त 10 डिव्हिजन होत्या; बहुतेक पायदळ चालतच गेलं. रणगाडे फ्रान्सकडेच जास्त होते. आणि 1941 मध्ये सोव्हिएत संघावर चालून जाताना जर्मनांनी 6 लाखांहून अधिक घोडे नेले.

आता ‘ब्लिट्झ’. इंग्रजांनी शब्द तोडून पहिला तुकडा ठेवला आणि तो दिला ब्रिटनवरच्या जर्मन हवाई बॉम्बहल्ल्यांना. सप्टेंबर 1940 ते मे 1941, सुमारे आठ महिने, रात्रीमागून रात्री बॉम्ब पडत राहिले. 40 हजारांहून अधिक नागरिक मेले. यात रणगाडा नाही, झटपट विजय तर नाहीच. लंडनकरांच्या तोंडी हा शब्द आला तो भुयारी रेल्वेच्या फलाटांवर रात्री काढताना, दीर्घ सोसण्याचं नाव म्हणून. मुंबईत 1941 मध्ये रुसी करंजियांनी काढलेल्या साप्ताहिकाचं नावही ‘ब्लिट्झ’च होतं, पण तिथे हल्ला लेखणीचा होता.

ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये तो रणांगणापासून आणखी दूर गेला. तिथे ‘ब्लिट्झ’ म्हणजे आपण ज्याला नाकाबंदी म्हणतो तीच: पोलीस रस्ता अडवतात, कागदपत्रं पाहतात, चालकाला ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायला लावतात. 2008 च्या ‘लेई सेका’ या, दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धच्या कायद्यानंतर तर हा शब्द तिथल्या शहरांत रोजचाच झाला. पोर्तुगालमध्ये मात्र याच तपासणीला ‘ओपेरासाँव स्टॉप’ म्हणतात.