सगळं आणलंय, तेवढंच राहिलंय

मी एसी बसवतो आणि दुरुस्त करतो, आणि त्यासाठी बॅग घेऊन गावोगाव फिरतो. जिथं एसीवाला नाही, किंवा आहे पण त्याचं आणि गिऱ्हाइकाचं आता बोलणं नाही, तिथं मला बोलावतात. त्यामुळे माझं अर्धं आयुष्य बसमध्ये जातं, उरलेलं गच्चीवर उन्हात, आणि एसीच्या गारव्यात किती म्हणाल तर जेमतेम दहा मिनिटं, कारण गार हवा यायला लागली की आपलं काम संपलं, चला, उचला बॅग.

आता ही बॅग म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे. व्हॅक्युम पंप, गेज, त्याच्या लाल-निळ्या-पिवळ्या नळ्या, फ्लेअरिंग टूल, पाइप कटर, क्लॅम्प मीटर, दोन-तीन कपॅसिटर, पान्यांचा जुडगा आणि साबणाच्या पाण्याची बाटली. एकटा पंपच 10 किलोच्या घरात. सीटखाली बॅग मावत नाही, मांडीवर घेतली तर पाय बधिर होतात, आणि वर रॅकवर ठेवली तर तिच्या खाली बसलेला माणूस पूर्ण प्रवासभर मान वर करून बघत बसतो. एकदा स्टेशनवर तपासणीवाल्याने चेन उघडली, त्या रंगीत नळ्या आणि घड्याळासारख्या दोन डायल बघितल्या आणि जो दोन पावलं मागं सरकला! मी म्हटलं, साहेब, एसीचं सामान आहे. तर म्हणतो, "मग एसी कुठाय?" आता याला काय सांगणार.

बरं, एवढं ओझं वाहून आपण पोचतो तर तिथं निदान आधीच तयार असतं. "गॅस संपलाय." पंखा फिरत नसू दे, पाणी गळू दे, रिमोटचे सेल गेलेले असू देत, गॅसच संपलाय. अहो तो काय पेट्रोल आहे का, चालवला की संपायला? बंद पाइपात तो नुसता गोल गोल फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि परत येतो, वर्षानुवर्षं तोच. कमी झाला तर कुठंतरी लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी ओतणं. हे मी इतक्यांदा बोललोय की झोपेतही बोलत असेन. एका काकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "ते बरोबर आहे तुमचं, पण गॅस संपलाय." मी इनडोअरचं झाकण उघडून फिल्टरची जाळी बाहेर काढली. गोधडी झाली होती तिची. धुतली, झटकली, बसवली, एसी गार. काका समाधानाने म्हणाले, "म्हणजे गॅस जाळीत अडकला होता."

आणि ते टन! दीड टनाचा इनडोअर मी एकट्याने भिंतीवरून उतरवून खाली ठेवला तेव्हा एका आजींनी माझ्या दंडांकडे अशा काही कौतुकाने बघितलं की खरं सांगायची माझी छातीच झाली नाही. पूर्वी गारवा बर्फाच्या हिशोबात मोजायचे, एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढं काम करणारं मशीन म्हणजे एक टनाचं, साधारण साडेतीन किलोवॅट. वजनाशी संबंध नाही. पण आजींना म्हटलं, सवय असते हो.

तसं बघायला गेलं तर हे यंत्र मुळात माणसांसाठी नव्हतंच. 1902 मध्ये विलिस कॅरियरने ते एका छापखान्यासाठी तयार केलं, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. त्या काळच्या मेकॅनिकचा मला फार हेवा वाटतो. कागद कधी रिमोट हातात घेत नाही. लवकर गार होईल म्हणून 16 वर ठेवत नाही आणि दहा मिनिटांनी थंडी वाजते म्हणून दार उघडत नाही.

पण सगळ्यात अवघड काय असेल तर ती तीन मिनिटं. एसी बंद करून लगेच चालू केला की कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं थांबतो, आतलं प्रेशर सारखं व्हावं म्हणून मुद्दाम तशी सोय केलेली असते. हे मला माहीत असतं. घरच्यांना नसतं. मी हातात रिमोट धरून उभा, समोर ओळीने सगळं घर, शेजारचेही आलेले, आणि मशीनमधून नुसता वारा. पहिलं मिनिट विश्वासात जातं. दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी हळूच विचारतं, "आधीच्या माणसाचा नंबर आहे का रे?" तिसऱ्या मिनिटाला मला स्वतःलाच शंका यायला लागते आणि मी उगाच मीटर काढून कशाला तरी लावतो. मग बाहेर घर्रर्र होतं आणि मी असा चेहरा करतो की जणू मीच ते केलं.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. चार तास बस, मग अर्धा तास चाल, नवा एसी बसवायचा होता. इनडोअर लावला, भिंतीला भोक पाडलं, पाइप जोडले, पंपाने पाइपांतली हवा ओढून व्हॅक्युम केलं, सगळं अगदी नेटकं. नव्या मशीनचा गॅस कारखान्यातूनच आउटडोअरमध्ये भरून येतो आणि दोन व्हॉल्व्हमागे कोंडलेला असतो, ते व्हॉल्व्ह अ‍ॅलन कीने, म्हणजे वाकड्या षटकोनी चावीने, उघडले की झालं. बॅगेत हात घातला. अ‍ॅलन की नाही. सगळी बॅग गच्चीवर उपडी केली, 20 किलो सामान निघालं पण बोटाएवढी ती चावी नाही. पक्कड चालत नाही, व्हॉल्व्हचं षटकोनी भोक पितळेत आत असतं. स्क्रूड्रायव्हर घुसवून बघितला, तो घसरला आणि मी माझंच बोट सोलून घेतलं. खालून काका दर पाच मिनिटांनी ओरडून विचारतायत, "झालं का?" आणि मी वरून "होतंय, होतंय" म्हणतोय, आता दुकान शोधत हिंडायचं की चार तास मागे जायचं याचा हिशोब करत.

त्यांची नात कधी वर येऊन उभी राहिली कळलंच नाही. माझ्या पसाऱ्याकडे बघत होती. मी बोटांनी आकार दाखवून म्हटलं, अशी वाकडी काडी पाहिजे होती गं. ती खाली पळाली आणि खरंच घेऊन आली, जोडायच्या पलंगाबरोबर मिळते ना, तीच. 5 एमएम. व्हॉल्व्हमध्ये लावली, बसली की हो! गॅस सुटल्याचा सुस्कारा ऐकू आला, माझाही त्यातच मिसळला.

काकांनी ही बातमी मी खाली उतरायच्या आत चार घरं सांगितली होती. "पाना आमचा होता," असं पैसे देताना मला पुन्हा एकदा ऐकवलं.

तीन महिन्यांनी फोन. "अहो, पलंग हलतोय, रात्रभर करकरतो. आमचा पाना तुमच्याकडे राहिलाय."

बॅग उपडी केली. 5 एमएमच्या चार चाव्या निघाल्या, त्यात माझी हरवलेलीसुद्धा, पंपाच्या पोटाखाली चिकटलेली. विचारलं, काका, तुमच्या पान्याची काही खूण? म्हणाले, "काळा होता." चारही काळ्या.

म्हटलं, चारही कुरिअरने पाठवतो.

"कुरिअरने कशाला, तुम्हीच या की," काका म्हणाले. "एसीपण नीट गार करत नाहीये. गॅस संपलाय बहुतेक."